अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला आपण कोणता पडदा लावला?

नौपाडा, ठाणे:
गोखले रोडवरील एका दुकानात पडद्यांची कापडे पाहताना मऊ सुती कापड हाताला लागले आणि आईने चाळीतल्या खिडकीला लावलेला अर्धा पडदा आठवला. तळमजल्यावरच्या त्या खिडकीला चार झडपा होत्या. खालच्या दोन झडपांपुरता, स्प्रिंगच्या तारेत ओवलेला जुन्या साडीचा पडदा असे आणि वरच्या दोन झडपा दिवसभर सताड उघड्या असत. बोळातून जाणाऱ्यांची नजर आत पोहोचत नसे, तरीही आई भर दुपारी दिवा न लावता तांदूळ निवडत असे. पुनर्विकासानंतर मिळालेल्या घराची खिडकी मोठी आहे, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. म्हणून मला ठामपणे वाटते, की अशा खोलीसाठी कापड निवडण्याच्या आधी खिडकीतून आकाश कोठे दिसते ते पाहावे. खिडकीच्या वरच्या भागातून येणारा उजेड खोलीत सर्वांत आतपर्यंत पोहोचतो. तो भाग झाकला की कितीही झिरझिरीत कापड घेतले तरी खोली मलूलच राहते. आपण काय लावले आहे, ते कृपया सविस्तर लिहावे.

घोडबंदर रोड:
ताई, आपला मुद्दा आमच्या घराला तंतोतंत लागू पडतो. समोरच्या टॉवरच्या वर आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते आणि साधे रोलर ब्लाइंड खाली ओढले की सर्वांत आधी तीच झाकली जाते. त्यामुळे आम्ही वरच्या बाजूनेही उघडता येणारे, घड्यांचे ब्लाइंड बसवले आहे. खालचा भाग बंद ठेवल्याने समोरच्यांना आमची बैठक दिसत नाही आणि वरची पट्टी मोकळी राहते. घरात लहान मूल असेल, तर दोरीचा लोंबता फास असलेले ब्लाइंड मात्र मुळीच घेऊ नये. तो गळ्यात अडकण्याचा धोका खरा आहे आणि बिनदोरीचे प्रकारही मिळतात.

कोपरखैरणे:
आमच्या रो-हाउसची अडचण वेगळी आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असल्याने उजेड फक्त पुढून आणि मागून येतो, आणि मधल्या खोलीला स्वतःची खिडकीच नाही. तिला जो काही उजेड मिळतो, तो दारातून. त्या दारावरचा जाड, गडद पडदा काढून मलमलीचा लावला आणि दारावरच्या झरोक्याची रंगवलेली काच बदलून साधी बसवली, तेव्हापासून सासूबाईंना सकाळी देवघरासमोर दिव्याशिवाय पोथी वाचता येते.

वाशी:
नेटच्या पडद्यावर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, म्हणून बाहेरच्याला आतले दिसत नाही. संध्याकाळी आत दिवा लागला की सारे उलट होते, त्यामुळे रात्रीसाठी दुसरा, जाड थर हवाच. कुकर लावला आहे, बाकीचे नंतर लिहिते.

कळवा:
आमची खिडकी उत्तरेची आहे. ठाणे सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, परंतु तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्यातले कितीतरी दिवस ढगांतच जातात. एरवी अशा खिडकीत दुपारचे ऊन येत नाही. आभाळाचा तो उजेड निळसर असतो आणि त्यात शुभ्र पांढरे कापड राखाडी दिसते. आम्ही सायीच्या रंगाचे कापड लावले. त्याने उजेड वाढत नाही, पण खोली उदास वाटत नाही, आणि मला ते तितकेच महत्त्वाचे वाटते.

नेरुळ:
मी पडदे शिवून देते, म्हणून पावसाळ्याविषयी लिहिते. ऊन न येणाऱ्या खोलीत जाड अस्तराचे पडदे जुलैमध्ये दमट राहतात आणि अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. सुती कापडातून उजेड सुंदर झिरपतो, पण ते वाळायला वेळ लागतो. पॉलिस्टरचे व्हॉइल, म्हणजे तलम, झिरझिरीत कापड, घरातही लवकर वाळते. नेटसाठी खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेण्याची पद्धत आहे, परंतु अंधाऱ्या खोलीला दीडपट पुरते, कारण प्रत्येक चुणीत कापडाचे थर एकमेकांवर येऊन उजेड अडवतात. आणि नवे पडदे घेण्याआधी मच्छरजाळी काढून धुवावी. रस्त्यालगतच्या घरांत तिच्यावर साचलेली धूळ बराच उजेड खाते.

ऐरोली:
नेरुळच्या ताई, जाळीचे आजच करते. माझ्या यजमानांना रात्रपाळी असते, त्यामुळे सकाळी झोपण्यासाठी ब्लॅकआउट पडदा लागतो, पण दुपारनंतर त्याच खोलीत मुलगी अभ्यासाला बसते आणि तो पडदा उघडूनही अर्धी काच झाकलेलीच राहते. काय करावे?

नेरुळ:
रॉड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच लांब घ्या, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर गोळा होईल. एका बाजूला कपाट असेल, तर दोन भाग न करता एकच सलग पडदा शिवून तो मोकळ्या भिंतीकडे सरकवावा, आणि त्या बाजूला रॉड आणखी लांब ठेवावा.

ऐरोली:
डावीकडे कपाटच आहे, ताई. उजवीकडची भिंत मोजून संध्याकाळी माप कळवते.