मदत हवी आहे: ब्राउझरमधून मोठी फाइल चढवली की अख्खा सर्व्हर आडवा होतो

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचे जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम चालू आहे. स्कॅन करणारे आपापल्या घरून ब्राउझरमधूनच झिप चढवतात, एकेक फाइल दीड-दोन जीबीची. सर्व्हर भाड्याचा: २ कोअर, ४ जीबी रॅम, उबंटू, वेबसर्व्हर एन्जिनेक्स, साइटचा कोड चालवणारा पीएचपी-एफपीएम, डेटाबेस मारियाडीबी. एरवी साइटवर गर्दी अशी नसतेच.

गंमत म्हणजे फाइल चढत असताना फारसा त्रास नाही. २० एमबीपीएसच्या लाइनवर दीड जीबीला दहा मिनिटं लागतात, ते हिशेबाला धरूनच आहे. घोडं अडतं ते पट्टी १०० टक्क्यांवर पोचल्यावर. चक्र नुसतं फिरत राहतं आणि तेवढ्यात कुणी पुस्तकांची सूची उघडली तर तीही उघडत नाही. कधीकधी ५०४ (वेळेत उत्तर न मिळाल्याचा एरर) येतो, पण नंतर बघावं तर फाइल व्यवस्थित जागेवर!

एन्जिनेक्सची १ एमबीची आणि पीएचपीची २ व ८ एमबीची अपलोडच्या आकाराची मूळ मर्यादा आधीच वाढवली आहे, तेव्हा कृपया ते सुचवू नका. होस्टिंगवाले म्हणतात रॅम वाढवा. पण रॅम शिल्लक दिसते, सीपीयूही निवांत. 'टॉप'मध्ये (सर्व्हरवरचा भार दाखवणारी कमांड) फक्त 'डब्ल्यूए'चा आकडा ७०च्या वर जातो. अपलोडचा फोल्डर वेगळ्या जोडलेल्या डिस्कवर आहे, बाकी सगळं मूळ डिस्कवर.

पाणी नेमकं कुठे मुरतंय?

प्रतिसाद १:
रॅमला पैसे घालू नका. 'डब्ल्यूए' म्हणजे सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय.

तुमची फाइल एकदा नाही, तीनदा लिहिली जाते. एन्जिनेक्स आधी अख्खी फाइल स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरात साठवतो. पूर्ण आली की पीएचपीकडे देतो, तो ती पुन्हा स्वतःच्या टेंपमध्ये लिहितो. मग तुमचा कोड ती अपलोडच्या फोल्डरात हलवतो. दोन्ही जागा एकाच डिस्कवर असत्या तर नुसतं नाव बदललं असतं. तुमच्याकडे डिस्क वेगळी, म्हणजे पुन्हा पूर्ण कॉपी. दीड जीबीचे साडेचार जीबी झाले, आणि त्यातले तीन पट्टी भरल्यानंतरचे. त्या धबडग्यात मारियाडीबीला डिस्क मिळत नाही, म्हणून सूची अडकते. एन्जिनेक्स ६० सेकंद थांबून ५०४ देतो, मागे पीएचपी आपलं काम उरकत असतो.

पीएचपीचा 'अपलोड_टीएमपी_डिर' (त्याच्या टेंप फोल्डरची सेटिंग) जोडलेल्या डिस्कवर न्या. शेवटची कॉपी लगेच टळेल.

प्रतिसाद २:
एन्जिनेक्समध्ये 'फास्टसीजीआय_रिक्वेस्ट_बफरिंग ऑफ' केलं (म्हणजे फाइल आधी स्वतःकडे साठवणं बंद) तर पहिली फेरीही वाचते. पण जपून! मग फाइल चढेपर्यंतची दहा मिनिटं पीएचपीचा एक वर्कर (एका वेळी एक विनंती हाताळणारी प्रोसेस) अडकून पडतो. वर्कर पाचच असतील आणि पाच जण एकदम चढवायला बसले तर साइट बंद. अपलोडसाठी वर्करचा वेगळा गट (पूल) करा.

धागाकर्ता:
टेंप हलवला. १०० टक्क्यांनंतरचं थांबणं बरंच कमी झालं, ५०४ अजून तरी आला नाही. पण एक जण मोबाइलच्या डेटावरून चढवतात, लाइन तुटली की पहिल्यापासून सुरुवात. त्याला काही इलाज?

प्रतिसाद १:
तुकडे करा. ब्राउझरमध्ये 'फाइल.स्लाइस'ने १० एमबीचे तुकडे पाडून एकेक पाठवता येतो, तुटला तर तेवढाच पुन्हा. स्वतः लिहायचं नसेल तर 'टस' नावाचा खुला प्रोटोकॉल आहे, त्याच्या तयार लायब्ररी मिळतात. स्वतः लिहिलंत तर तुकडे वेगळे साठवून शेवटी जोडत बसू नका, नाहीतर तेच दीड जीबी पुन्हा लिहाल. आलेला तुकडा थेट मूळ फाइलमध्ये त्याच्या जागी लिहा आणि किती बाइट आले ते नोंदवून ठेवा. बफरिंग मग चालूच राहू द्या, १० एमबीला ते जड नाही, आणि वर्करही मोकळे राहतील.