गॅदरिंग मांडवात झालं म्हणून शाळा 'मागे पडली' म्हणे!

गोकुळपेठी
नागपुरातल्या आमच्या जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थानं काल लांबलचक पोस्ट टाकली. सार असं: 'यंदाचं स्नेहसंमेलन सभागृहात न घेता पटांगणात मांडव टाकून उरकलं. अहवालात सांगायला काय, तर एक एनएमएमएस शिष्यवृत्ती, चित्रकलेच्या इंटरमीडिएटला चार ए ग्रेड आणि जिल्ह्यापर्यंत गेलेली कबड्डीची टीम. पलीकडच्या सीबीएसई शाळेनं एलईडी पडदा लावला, ड्रोननं शूटिंग केलं. आपली शाळा मागे पडली, मंडळानं विचार करावा.' तिथं उत्तर दिलं असतं तर ॲडमिनकाकांनी 'राजकारण नको' म्हणून उडवलं असतं, म्हणून इथं लिहितो.

एनएमएमएस म्हणजे 'काय तर'? आठवीत परीक्षा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि लागली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे झाले ४८,०००. त्या पोरीची आई चार घरी पोळ्या लाटते. आणि विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या पोरांना या परीक्षेला बसताच येत नाही. मग ड्रोनवाल्यांशी तुलना कशाची करता?

आता मांडव. माझ्या थोरल्या मुलीच्या शाळेचं गॅदरिंग सभागृहात व्हायचं. भाडं तासांवर, म्हणून नाच निवडक. वर्गातली दहा-बारा गोरीगोमटी पोरं घ्यायची, ड्रेपरीचे पैसे वेगळे, बाकीच्यांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या. यंदा मांडवात पहिलीपासून सगळे वर्ग स्टेजवर आले. पडद्याच्या दोऱ्या नववीचे पोट्टे ओढत होते. आनंद मेळाव्यात सहावीतल्या एकानं सांबारवडी विकायला ठेवली होती. मी त्याची वही मागून पाहिली. एका बाजूला बेसन, तेल, सांबार (म्हणजे कोथिंबीर), खसखस. दुसऱ्या बाजूला विक्री. खाली 'उधारी' म्हणून नावांची रांग, त्यात दोन मास्तर. धंद्यात बुडाला पठ्ठ्या. पण तोटा पैशापर्यंत बरोबर काढलेला होता. हे कोणत्या अहवालात येणार?

बर्डी_लोकल
गरिबीचं कौतुक करायला गोकुळपेठेसारख्या सधन वस्तीत राहावं लागतं, हे पटलं.

भाऊ, ड्रोन म्हणजे जाहिरात, आणि जाहिरात पटासाठी असते. अनुदानित शाळेत पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक किती ते ठरवतात त्यात, पदं कमी होतात, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला कुठंतरी दूर समायोजनात पाठवतात. मे महिन्याच्या उन्हात मास्तर वस्त्या-वस्त्यांतून दाखल्यासाठी पोरं मागत फिरतात. दप्तर देऊ, ऑटोचं भाडं देऊ म्हणतात. हे बघितलंय का कधी? त्यापेक्षा एक दिवस एलईडी लावला तर बिघडलं कुठं? सांबारवडीवाल्याची वही बघून कोणी ॲडमिशन घेत नाही. मी माझा मुलगा इंग्रजी शाळेत घातला आणि मला त्याची लाज नाही. तुम्ही शिव्या देणार हे माहीत आहे, द्या.

गोकुळपेठी
शिव्या कशाला देऊ? मराठी शाळा वाचवायचा सल्ला मात्र इंग्रजी शाळेच्या गेटवर उभं राहून देऊ नका, एवढंच.

तर्रीबाज
मांडव असो की सभागृह, पाहुण्यांची भाषणं बंद करा बे! 'वेळेअभावी मी थोडक्यात बोलतो' म्हणून पाहुणे सुरू झाले की खालचे पोट्टे चड्डीत थंडीनं कुडकुडून राहतात. आमच्या भाच्याचं शेतकरी नृत्य होतं. नंबर आला तेव्हा दहा वाजत आले होते, साउंडवाल्यानं नियम दाखवून वायरी गुंडाळल्या. लेकरू फेटा बांधून नुसतं उभं.

गणिताच्या_बाई
मी शिक्षिका आहे. दोन्हीकडचं वाचून हसू आलं. तुम्ही दोघंही अहवालातलं सगळ्यात खोटं वाक्य सोडून भांडताय. ते वाक्य म्हणजे 'दहावीचा निकाल १०० टक्के'.

शंभर टक्के कसा लागतो ते सांगते. आठवीपर्यंत पोराला वर ढकलायचं. नववीत तो अडसर दिसला की नापास करायचं आणि पालकांना बोलावून गोड बोलायचं, 'याला इथं झेपणार नाही, दाखला काढा, १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसेल.' बाप रिक्षा बाजूला लावून आलेला असतो, तो सही करून मोकळा होतो. पुढं त्या पोराचा निकाल शाळेच्या खात्यात धरतच नाहीत. मी आधी होते त्या शाळेत एका पोराला असा दाखला देताना मी विरोध केला, तर मुख्याध्यापक म्हणाले, 'बाई, गॅदरिंगचा फ्लेक्स छापायला गेलाय.' फ्लेक्स आधी छापला होता आणि निकाल त्यात बसवायचा होता! तो पोरगा आता एका गॅरेजमध्ये आहे. माझी गाडी तोच धुतो, 'मॅडम' म्हणतो, आणि मला तिथं जायला नको वाटतं.

अहवालात एकच ओळ वाढवा. नववीत किती होते, त्यातले दहावीला आपल्याच शाळेतून किती बसले. मग बघू कोण मागे पडलं ते.

बर्डी_लोकल
हे इंग्रजी शाळांतही चालतं, बाई. तिथं फक्त गोड बोलत नाहीत.

मनीषनगरची_आई
ए ग्रेडचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. माझ्या मुलीला इंटरमीडिएटला ए ग्रेड. दहावीत त्याचे ७ गुण मिळतात, बी ला ५, सी ला ३. स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला, फोटो फ्लेक्सवर लावला. बोर्डाकडे प्रस्ताव पाठवायचा तो मात्र ऑफिसातल्या बाबूच्या टेबलावर राहिला. गुणपत्रिका आली, सात गुण गायब. विचारायला गेले तर 'मॅडम, तुमच्याकडून झेरॉक्स आली नव्हती.' झेरॉक्स मी स्वतः नेऊन दिली होती. तेव्हा स्टेजवरचे सत्कार मला सांगू नका. कागद वेळेवर पाठवा, हार नको.

जय_विदर्भ
तुम्ही सगळे जानेवारीतल्या एका रात्रीवर भांडून राहिले. वर्षाचा शेवट जानेवारीत होते का जी? तो एप्रिलमध्ये होते. २०२५ मध्ये पुण्यात बसून ठरवलं, पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळी, ८ ते २५ एप्रिल. आणि १ मेला निकाल. नागपूरचा एप्रिल कोणी पाहिला आहे का तिथं? पहिलीचं लेकरू पेपर लिहून बाहेर निघते तेव्हा डांबर पाघळलेलं असते. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी राज्यात जूनच्या मध्यात. उशिरा उघडतात त्या ऊन आहे म्हणूनच ना? मग परीक्षेच्या वेळी ऊन दिसत नाही काऊन?

पुण्याहून_परत
झालं, आला विदर्भ. राज्यभर एक वेळापत्रक का केलं तेही सांगा की. मार्चअखेर परीक्षा उरकायची आणि एप्रिलमध्ये वर्गात चिमण्या. हा धंदा सगळीकडे चालू होता, नागपुरातही. पेपर तर सकाळच्या पाळीत असतात.

जय_विदर्भ
सकाळची पाळी! कूलर नाही, वीज जाते, पत्र्याच्या वर्गात सकाळी नऊलाच भट्टी. तुमच्याकडे झाडाखाली बसून पेपर देता येते. विदर्भाला महाराष्ट्रात घ्यायचा १९५३ चा नागपूर करार झाला तेव्हापासून हेच चालू आहे. विधिमंडळाचं अधिवेशन इथं सहलीसारखं घ्यायचं, हुर्डा खायचा, निघून जायचं. आणि निकाल १ मेला, मुद्दाम. आमच्यासाठी तो काळा दिवस आहे.

पुण्याहून_परत
निकालाची तारीख विदर्भावर सूड म्हणून ठेवली, हे नवीनच कळलं. १ मेला झेंडावंदनाला पोरं येतातच, प्रगतिपत्रक हातात द्यायचं, ही पद्धत माझ्या लहानपणापासून आहे. आणि मी नागपूरच्या महाल भागातच वाढलोय, भाऊ. उन्हाचं कौतुक मला नका सांगू.

जय_विदर्भ
महालात वाढले अन् पुण्यात पिकले.

निवृत्त_हेडमास्तर
थोडं थांबा. कायद्यानं पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. विदर्भात जून हातातून जातो. मग दिवाळी, मग निवडणुका आल्या की शिक्षक बीएलओ म्हणून मतदारयाद्या घेऊन दारोदार. डिसेंबरात क्रीडा सप्ताह, जानेवारीत गॅदरिंगच्या प्रॅक्टिस. प्रॅक्टिस सुरू झाली की पंधरवडाभर चौथ्या तासानंतर शिकवणं बंद, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आता सांगा, २२० कुठून भरायचे? एप्रिल वगळायचा तर गॅदरिंग वगळा. दोन्ही हवं म्हणाल तर दिवाळीची सुट्टी कापू द्या. कोणी तयार नाही, मला माहीत आहे.

राहिला प्रश्न १ मेच्या निकालाचा. २५ तारखेला शेवटचा पेपर आणि १ तारखेला प्रगतिपत्रक, मध्ये पाच दिवस. साठ पोरांच्या वर्गाचे सगळे विषय तपासून, नोंदी भरून, पाचवी-आठवीवाल्यांचे पास-नापास ठरवायचे. पेपर कसे तपासले जातात ते मी इथं लिहीत नाही.

गणिताच्या_बाई
सर, मी लिहिते. पंख्याखाली उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून डबा ठेवायचा आणि हस्ताक्षर बघून गुण द्यायचे.

पण गॅदरिंग वगळा हे तुम्ही म्हणावं? वर्षभर शेवटच्या बाकावर तोंड न उघडणारी पोरं प्रॅक्टिसमध्ये मला हाक मारायला लागतात. तो पंधरवडा काढून मी त्यांना त्रैराशिक जास्त शिकवीन, असं तुम्हाला खरंच वाटतं?

निवृत्त_हेडमास्तर
त्रैराशिक तुम्ही शिकवाल. बाकीचे शिकवतील याची खात्री मला नोकरीत असतानाही नव्हती. गॅदरिंग ठेवा. प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर घ्या.

बर्डी_लोकल
शाळा सुटल्यावर थांबतील ते मास्तर खरे असले तर. २०२५ मध्ये इथंच बोगस शालार्थ आयडीचं (ज्यावर मास्तरांचा सरकारी पगार निघतो तो क्रमांक) प्रकरण निघालं, ते विसरलात? नेमणूकच खोटी असली तर स्नेहसंमेलनाचा अहवाल खरा कसा निघेल?

गणिताच्या_बाई
काहींनी चोरी केली म्हणून सगळ्यांच्या तोंडावर मारायची ही सवय सोडा. मी रीतसर लागलेली आहे. कित्येक वर्षं वीस टक्के पगारावर काढली. तुमच्या मुलाच्या इंग्रजी शाळेतल्या बाईला हातात किती मिळतात आणि सही कितीवर घेतात, ते एकदा विचारा.

बर्डी_लोकल
बरं बाई, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पगाराचं विचारणार नाही, उत्तर ठाऊक आहे.

मीच_तो_सद्गृहस्थ
माझ्या पोस्टचं चांगलंच स्नेहसंमेलन केलंत! आता माझंही भाषण ऐका, थोडक्यात बोलतो.

ड्रोन सोडला. लग्नसराईत तसाही मिळत नाही. एनएमएमएसबद्दल 'काय तर' लिहिलं ते त्या मुलीला उद्देशून नव्हतं. एवढ्या मोठ्या शाळेतून एकच का, असं विचारायचं होतं, आणि तो प्रश्न अजून तसाच आहे. आठवीच्या किती पोरांना बसवलं, तयारी कोणी घेतली, यावर गोकुळपेठी साहेब एक ओळ लिहीत नाहीत. नववी-दहावीची ओळ अहवालात घाला, पालक सभेत पहिला हात मी वर करीन. किती मास्तर टाळ्या वाजवतात तेवढं बघायचं आहे.

मांडवाबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही. माझी आई त्या शाळेच्या पहिल्या बॅचची. तिला हौसेनं आणलं, पुढं बसवलं. साडेआठला ती म्हणाली, जायचंय. शाळेच्या मागच्या संडासाला कडी नव्हती. मी बाहेर मोबाईलचा टॉर्च धरून उभा राहिलो, आणि स्टेजवरून 'आपल्या शाळेची गौरवशाली परंपरा' चालू होती.

गोकुळपेठी
हे पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहायचं होतं की हो! ड्रोन कशाला मध्ये घातलात? एनएमएमएसला किती बसले ते मला माहीत नाही, आणि विचारायला हवं होतं हेही खरं. खूश?

मनीषनगरची_आई
कडीचं मुलींना विचारा. त्या पाणीच पीत नाहीत शाळेत.

निवृत्त_हेडमास्तर
कडी वेतनेतर अनुदानातून लावायची असते. ते कधी येतं हे विचारू नका. शंभर-दोनशेची कडी आहे, माझ्याकडून घ्या. सुताराचं कोणी बघा.

तर्रीबाज
सुतार मी आणतो सर, रविवारी. चहा-पोहे गोकुळपेठी साहेबांकडून.

जय_विदर्भ
अन् एप्रिलच्या परीक्षेचं काय ठरलं?

तर्रीबाज
तू आपला वेगळा धागा काढ बे.