१६५० वरून कुठलं कार्ड घ्यावं? गेमिंग पण आणि पुढे एआयचा अभ्यास पण

खानदेशी_पिक्सेल
नमस्कार मंडळी, ग्राफिक्स कार्ड बदलायचंय आणि जेवढं वाचतेय तेवढा गोंधळ वाढतोय म्हणून इथे विचारते. मी जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पीसी असा आहे - रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ४ जीबी आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा). मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ.

रोज संध्याकाळी मैत्रिणींसोबत व्हॅलोरंट असतं ते नीट चालतं, पण सायबरपंक २०७७ अगदी लो वर ठेवून खेळावं लागतं. दुसरं म्हणजे फायनल इयरचा प्रोजेक्ट केळीच्या पानांवरचा करपा फोटोवरून ओळखायचा घेतोय (आमच्याकडे केळी सोडून दुसरा विषय सुचणं अवघडच), मॉडेल पीसीवर ट्रेन करायला गेलं की लगेच आउट ऑफ मेमरी येतं. नंतर गेटचा डीए (डेटा सायन्स आणि एआय) पेपर देऊन एमटेक करायचा विचार आहे, म्हणजे हे कार्ड चार-पाच वर्षं तरी पुरायला हवं.

बजेट ३५ हजार, इंटर्नशिपचे थोडे साठलेत बाकी पप्पा देणार आहेत. दुकानदार म्हणतो आरटीएक्स ५०६० ८ जीबी घे, मामेभाऊ म्हणतो आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी घे, आणि वर्गातला एक जण म्हणतो जुनी झाली तरी आरटीएक्स ३०६० १२ जीबीच घे. तिघांचंही ऐकलं की पटतं, आता करू काय?

फ्रेमरेट_पुणे
५०६० घे, जास्त विचार करू नकोस. २०२५ चं कार्ड आहे, जीडीडीआर७ मेमरी, १४५ वॅटच खातं, आणि एनव्हीडियाच्या डीएलएसएस ४ चं फ्रेम जनरेशन (एआयने मधल्या जास्तीच्या फ्रेम बनवणं) मिळतं जे ३०६० ला मिळत नाही. ३०६० आली २०२१ च्या फेब्रुवारीत, आज जुन्या आर्किटेक्चरवर पैसे घालून चार-पाच वर्षं काढायची म्हणजे शेवटची दोन वर्षं रडत काढायची. १०८०पी ला टेक्स्चर एक पायरी खाली ठेवलंस तर ८ जीबीत सगळं बसतं. सायबरपंक १६५० वरून ५०६० वर खेळशील तेव्हा गेमच वेगळा वाटेल.

व्हॅलोरंटसाठी मात्र कार्डवर एक रुपया घालू नकोस, तो गेम प्रोसेसरवर चालतो. तिथे फ्रेम वाढवायच्या असतील तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो.

टेन्सर_कोथरूड
फ्रेमरेट भाऊंचं गेमिंगपुरतं बरोबर आहे, पण तिने अर्धा प्रश्न अभ्यासाचा विचारलाय आणि तिथे ८ जीबी हा सरळ अडथळा आहे. मी रोज हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रेनिंगमध्ये मेमरी कुठे जाते ते आधी बघ. ॲडम ऑप्टिमायझर (मॉडेलचे आकडे सुधारत नेणारी पद्धत) आणि साधं ३२ बिट धरलं तर एका पॅरामीटरला, म्हणजे मॉडेल शिकतं त्या प्रत्येक आकड्याला, १६ बाइट लागतात, ४ वेटचे (तो आकडाच), ४ ग्रेडियंटचे (तो किती बदलायचा), ८ ऑप्टिमायझरचे. रेसनेट-५० (फोटो ओळखणारं एक मॉडेल) चे साधारण अडीच कोटी पॅरामीटर म्हणजे जेमतेम ४०० एमबी, मग ४ जीबीत आउट ऑफ मेमरी का येतं? कारण बाकीची मेमरी ॲक्टिव्हेशन्स (मॉडेलच्या प्रत्येक थरातून निघणारे मधले आकडे) खातात, आणि ती फोटोच्या साइझवर आणि बॅच साइझवर (एकावेळी किती फोटो देतो त्यावर) वाढतात. पानावरचे बारीक ठिपके ओळखायचे म्हणजे फोटो फार छोटा करून चालणार नाही, २२४ पिक्सेलवर सुरुवातीचा करपा दिसणारच नाही, ६४० किंवा त्याच्या वर जावं लागेल आणि रुंदी-उंची दुप्पट केली की ॲक्टिव्हेशन चौपट. म्हणून तुझ्या कामाला मेमरीचा स्पीड नंतर, मेमरी किती आहे ते आधी. कार्ड हळू असेल तर ट्रेनिंग दोन तासांऐवजी तीन तास चालेल, मेमरी कमी पडली तर चालणारच नाही. विंडोजवर ड्रायव्हर उरलेलं साध्या रॅममध्ये ढकलतो हे खरं, पण मग स्पीड इतका पडतो की बंद करून झोपलेलं बरं.

एलएलएमचं (चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या मॉडेलचं) पण तेच गणित. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये १४ जीबी, ४ बिटमध्ये आणलं की चारेक जीबी. ते नुसतं चालवायला ८ जीबी पुरतील, पण क्यूलोरा (कमी मेमरीत शिकवायची पद्धत) वापरून फाइनट्यून करायचं, म्हणजे आपल्या डेटावर पुढे शिकवायचं, तर ८ मध्ये जीव गुदमरतो, १२ मध्ये जमतं.

तुझ्या बोर्डचं एक कोणी सांगितलं नाही. बी४५० म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्ड आणि बोर्ड जोडणारा रस्ता, जुन्या पिढीचा). ५०६० फक्त ८ लेन वापरते, म्हणजे तुझ्याकडे तिला अर्धाच रस्ता मिळणार, आणि व्हीरॅम (कार्डवरची मेमरी) भरून गेम रॅमकडे धावायला लागला की नेमका तिथेच झटका बसतो. ३०६० आणि ९०६० एक्सटी दोन्ही १६ लेनच्या आहेत, त्यांना एवढा त्रास नाही.

९०६० एक्सटी हे एएमडीचं कार्ड गेमिंगला फार छान आहे, १६ जीबी आहे, मामेभाऊ चुकीचं सांगत नाहीये. पण कॉलेजमध्ये, गिटहबवर, कोर्समध्ये जे काही मिळेल ते कुडा (एनव्हीडियाच्या कार्डवर हिशोब चालवायचं सॉफ्टवेअर) धरून लिहिलेलं असतं. एएमडीचं रॉकम (त्यांचं कुडासारखं सॉफ्टवेअर) लिनक्सवर बऱ्यापैकी चालतं, विंडोजवर अलीकडे यायला लागलंय. मला स्वतःला ते सेट करत बसायला आवडतं, पण सबमिशन डोक्यावर असताना शिकणाऱ्या मुलीने तिथे आठवडे घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

माझं मत, ३०६० ची १२ जीबीवालीच. त्याच नावाची ८ जीबीवाली पण येते, तिची बस (मेमरीचा रस्ता) १९२ ऐवजी १२८ बिटची आहे, ती चुकूनसुद्धा घेऊ नकोस, डब्यावर वाचून घे. आणि ५०६० टीआय १६ जीबी बजेटमध्ये बसवता आली तर मग प्रश्नच मिटला, पण लाँचलाच ती ४२९ डॉलरची होती, त्यावर इथला १८ टक्के जीएसटी धरला की ३५ हजारात अवघड दिसतंय.

फ्रेमरेट_पुणे
लेनचा मुद्दा मान्य, बी४५० कडे माझं लक्ष गेलं नव्हतं. पण टेन्सर, गूगलचं कोलॅब (ऑनलाइन कार्ड वापरायला देतं ते) फुकट आहे ना? १६ जीबीची टी४ मिळते. मग अभ्यास तिकडे आणि गेमिंग घरी असं का नको?

टेन्सर_कोथरूड
कोलॅब वापरावंच, कॅगलपण वापरावं, तिथे आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू देतात. पण फुकट कोलॅबचं सेशन कधी तुटेल सांगता येत नाही, डेटा परत चढवा, लायब्ररी परत टाका. शिकताना माणूस दिवसात वीस वेळा छोटे बदल करून रन मारतो, ते घरच्या कार्डवर जसं होतं तसं तिकडे होत नाही. माझ्या हाताखाली जे फ्रेशर येतात त्यात ज्यांच्याकडे स्वतःचं कार्ड होतं त्यांना मेमरी का भरली, डेटालोडर (मॉडेलला डेटा पुरवणारा भाग) कुठे अडकला हे पटकन कळतं कारण ते त्यांनी स्वतः बघितलेलं असतं.

अजून एक. ५०-सिरीजला पायटॉर्च (ट्रेनिंगची लायब्ररी) २.७ आणि कुडा १२.८ किंवा त्याच्या पुढचंच लागतं. एखाद्या सरांचा तीन वर्षांपूर्वीचा कोड जुन्या व्हर्जनला बांधलेला असेल तर तो ५०६० वर आहे तसा चालणार नाही, ३०६० वर चालेल.

एमटेक_चालू_आहे
मी गेट देऊनच आलोय, एमटेकचं दुसरं वर्ष. ताई, "चार-पाच वर्षं" हा आकडा डोक्यातून काढ असं सांगेन. एमटेकला आल्यावर मोठं ट्रेनिंग डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर होतं, स्लर्मला (रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरला) जॉब टाकायचा आणि नंबर यायची वाट बघायची. काही संस्थांमध्ये नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनचे परम सुपरकॉम्प्युटर पण आहेत. घरचं कार्ड लागतं ते जॉब टाकायच्या आधी कोड चालतो का ते बघायला, आणि तेवढ्याला १२ जीबी मला आजही पुरतात. म्हणजे तुला हे कार्ड खरं बीई संपेपर्यंत आणि गेटच्या तयारीपर्यंत हवंय. त्या हिशोबाने खर्च कर, सगळे ३५ हजार कार्डात घालू नकोस.

लॅमिंग्टनवाला
३०६० १२ जीबी नवीन नाही मिळाली तर सेकंडहँड बघ, भरपूर फिरतायत. फक्त डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली, त्यातली अजून हातोहात फिरतात. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं मी म्हणत नाही, चिप सहसा ठीक असते, पण फॅन आणि थर्मल पॅड गेलेले असतात.

घेताना समोर लावून बघायचं, फोटोवर विश्वास नाही. जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून १२ जीबी आणि १९२ बिट दिसतंय का बघ कारण नकली बायोस टाकून विकणारे पण आहेत. मग फरमार्क (कार्डवर पूर्ण ताण देणारी टेस्ट) दहा-पंधरा मिनिटं लाव, स्क्रीनवर ठिपके आले, फॅन खरखरला, टेम्परेचर ८५ च्या वर जात राहिलं तर उठून निघायचं. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट सगळे एकेक करून लावून बघ, स्क्रू घासलेले असतील तर उघडलंय का विचार. आणि मूळ जीएसटी बिल माग, सीरियल नंबर ब्रँडच्या साइटवर टाकून वॉरंटी उरली का ते बघता येतं. बिल नसेल तर दोन हजार कमी म्हणतील, नको म्हण.

कोणी १०८० टीआय दाखवेल, ११ जीबी आणि स्वस्त म्हणून, ती घेऊ नकोस. टेन्सर कोअर (एआयचे हिशोब जलद करणारे भाग) नाहीत आणि कुडा १३ पासून पास्कलचा, म्हणजे त्या पिढीच्या कार्डांचा, सपोर्टच काढलाय.

खानदेशी_पिक्सेल
बापरे, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार 🙏

टेन्सर दादा तुम्ही सांगितलं तसं फोटो ६४० करून बॅच २ वर ठेवलं तर १६५० वर कसंबसं चालतंय, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी पूर्ण भरलेली दिसते. मिक्स्ड प्रिसिजन (काही हिशोब ३२ ऐवजी १६ बिटमध्ये) चालू केलं तर लॉसच्या (मॉडेल किती चुकतंय त्या आकड्याच्या) जागी एनएएन म्हणजे 'आकडाच नाही' येतंय, हे माझ्या कोडमुळे की कार्डमुळे?

मन ३०६० कडे झुकलंय. घराजवळ एक जण विकतोय, बिल आहे म्हणतो. पण माझ्या १६५० ला वेगळी पॉवर केबल लागतच नाही आणि ३०६० ला ८ पिन लागते. माझ्या एसएमपीएसला ती ८ पिन दिसत नाहीये. तो म्हणतो साटाची (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरची) कन्व्हर्टर केबल फुकट देतो. चालेल का?

टेन्सर_कोथरूड
एनएएन बहुतेक कार्डमुळे. १६५० मध्ये टेन्सर कोअर नाहीत आणि १६-सिरीजवर हाफ प्रिसिजनला (१६ बिटला) हा त्रास बऱ्याच जणांना येतो. तोच कोड कोलॅबवर टाकून बघ, तिथे लॉस नीट आला तर कोडमध्ये शोधत बसू नकोस. बॅच २ असताना ग्रेडियंट अक्युम्युलेशन (इतक्या बॅचचे ग्रेडियंट साठवून मग एकदा बदल) ८ ठेव, तोपर्यंत काम निघेल.

विदर्भ_इलेक्ट्रिकल
पोरी, ती साटाची केबल अजिबात लावू नको. साटाच्या पॉवर कनेक्टरचं १२ व्होल्टचं रेटिंग साडेचार ॲम्पिअर, म्हणजे ५४ वॅट. ८ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. कनेक्टर वितळतो, मी वितळलेले हातात घेतलेत. ज्या एसएमपीएसला ८ पिनच दिलेली नाही त्याच्या कंपनीनेच तुला सांगितलंय की हा असल्या कार्डासाठी नाही.

३०६० ची खपत १७० वॅट, कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. चांगल्या ब्रँडचा ५५० वॅट ८० प्लस ब्रॉन्झ घे, निदान पाच वर्षं वॉरंटीचा, आणि ६+२ पिनची पीसीआयई केबल त्याच्यासोबतच आलेली वापर. जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल नव्याला लावायच्या नाहीत, पिनांचा क्रम वेगळा असतो, बोर्ड जातो.

जळगावचा मे महिना मला माहीत आहे, आमच्या नागपूरसारखाच. आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करून ठेव, स्पीड थोडाच कमी होतो पण खोलीत उष्णता बरीच कमी सुटते. कॅबिनेटला पुढे एक आणि मागे एक फॅन आहे का बघ. रात्रभर आठ तास ट्रेनिंग लावलं तर कार्डाचं दीडेक युनिट धर, बिलाची काळजी नको, काळजी लाइट जाण्याची. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, तो पीसी बंद करायला पाच मिनिटं देईल, ट्रेनिंग पुढे न्यायला नाही, म्हणून प्रत्येक इपॉकनंतर (सगळा डेटा एकदा शिकून झाल्यावर) चेकपॉइंट, म्हणजे तोवरचं मॉडेल, सेव्ह होतोय ना तेवढं बघ.

खानदेशी_पिक्सेल
काका, केबलला नाही सांगून आले. आधी एसएमपीएस मागवते, तो आला की तोच कॅबिनेट घेऊन विकणाऱ्याकडे जाते म्हणजे माझ्याच पीसीवर फरमार्क लावून बघता येईल. चेकपॉइंट शेवटच्या इपॉकलाच सेव्ह होत होता, आत्ताच बदलला. एकच राहिलं, कार्ड बदलताना जुना ड्रायव्हर काढायचा का? दोन्ही एनव्हीडियाच आहेत.

लॅमिंग्टनवाला
दोन्ही एनव्हीडिया असले की सहसा गरज पडत नाही, कार्ड बदलून नवा ड्रायव्हर टाकताना क्लीन इन्स्टॉलवर टिक कर. तरी काही अडलं तर सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) चालव. आणि विकणाऱ्याकडे जाताना पॉवर केबल आणि डिस्प्लेपोर्टची केबल स्वतःची ने, ऐनवेळी तिथे नसते.