सायक्लिन सावकाश वाढतं, मग पेशी झटक्यात का विभागते?

कांदेवाले सर

बार्शीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीला जीवशास्त्र शिकवतो. परवा कांद्याच्या मुळांचं प्रॅक्टिकल होतं. टोकं पातळ आम्लात भिजवली, अ‍ॅसिटोकार्मिन टाकून काचपट्टी दिव्यावर जरा शेकली, टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबली. दोन कव्हरस्लिपा फुटल्या, म्हणजे नेहमीपेक्षा कमीच. एका मुलीला मेटाफेज (गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात तो टप्पा) फार सुरेख मिळाला. बाकीची पोरं बघायला रांगेत, आणि ही मायक्रोस्कोप सोडेना. म्हणाली, "सर, विभाजनाला लागणारं ते सायक्लिन प्रथिन हळूहळू वाढतं म्हणालात. मग थोडं सायक्लिन, थोडं विभाजन, असं का नाही होत? आणि पेशी अर्ध्यातून माघारी का नाही फिरत?"

"ठरावीक पातळी गाठली की होतं," म्हणून मी वेळ मारून नेली. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. पुस्तकात एक गोल काढलाय, त्यावर बाण, संपला विषय. कुणी नीट उलगडून सांगेल का?

मोटारपंप

जीवशास्त्रात मी ढ. पण हे वाचून गच्चीवरची टाकी आठवली. कंट्रोलरला दोन सेन्सर असतात. पाणी खालच्याच्या खाली गेलं की मोटर चालू, वरच्याला टेकलं की बंद. एकाच सेन्सरवर भागवलं तर पाणी त्या रेषेवर डुचमळलं की मोटर चालू-बंद, चालू-बंद, रिले जळालाच समजा. चालू व्हायची पातळी वेगळी, बंद व्हायची वेगळी, याला आम्ही हिस्टेरेसिस म्हणतो. पेशीत असलं काही असतं का हो?

यीस्टवाली

मोटारपंप, नेमकं बोललात. नोवाक आणि टायसन या संशोधकांनी १९९३ मध्ये गणित मांडून हेच भाकीत केलं होतं, आणि २००३ मध्ये झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात ते मोजून दाखवलं गेलं. विभाजनात शिरायला जेवढं सायक्लिन लागतं, त्याहून कमी सायक्लिनवर त्यात टिकून राहता येतं. फक्त पेशीत दोन सेन्सर नसतात. तिथे भांडण असतं.

सर, तीन पात्रं धरा, तिन्ही प्रथिनंच. सीडीके-१ सायक्लिनबरोबर जोडी जमवून विभाजन सुरू करतो. वी-१ त्याच्यावर फॉस्फेट चिकटवून त्याला गप्प बसवतो. सीडीसी-२५ तो फॉस्फेट काढून टाकतो. एवढ्यावर थांबलं असतं तर तुमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण सीडीके-१ जरासा सुटला की पहिलं काम काय करतो? वी-१लाच गप्प करतो आणि सीडीसी-२५ला चेव आणतो. त्यामुळे आणखी सुटतो, मग आणखी दाबतो. या खेचाखेचीत मधल्या जागी कुणाला उभंच राहता येत नाही. सायक्लिन वाढतं सावकाशच, उडी मारतं ते हे त्रिकूट. तुमची ती "ठरावीक पातळी" एकट्या सायक्लिनची नाही, या तिघांनी मिळून ठरवलेली आहे.

मी सहा वर्षं पॉम्बे यीस्ट सांभाळलंय. (पॉम्बे म्हणजे स्वाहिलीत बिअर, हे यीस्ट पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमधून वेगळं केलेलं.) पेशी कॅप्सूलसारखी, साधारण १४ मायक्रॉन लांब झाली की मधोमध भिंत घालून दोन होते. वी-१ बिघडलेला एक प्रकार आमच्याकडे होता: २५ अंशांना सर्वसाधारण, ३६ अंशांना ठेवला की रोखणाराच नाही, म्हणून निम्म्या लांबीवरच विभागतो. एकदा संध्याकाळी ३६ला लावून गेले, सकाळी बघते तर सगळ्या पेशी चांगल्या लांबलचक! भलतंच यीस्ट शिरलं असेल म्हणून फ्लास्क ओतायला निघाले होते. मग लक्षात आलं, रात्री वीज गेली होती आणि इन्क्युबेटर परत सुरूच झाला नव्हता.

हे टिल्लू प्रकार पॉल नर्स या शास्त्रज्ञांना एडिंबरामध्ये सापडले. वी म्हणजे स्कॉटिश बोलीत चिमुकलं. पन्नासेक गोळा केले, एक सोडून सगळ्यांचा बिघाड त्याच जनुकात. त्या उरलेल्या एकाच्या प्लेटवर बुरशी आलेली, त्यांनी ती कचऱ्यात फेकली आणि नंतर मन खायला लागलं म्हणून परत जाऊन उचलून आणली. तो निघाला सीडीसी-२, म्हणजे यीस्टमधला सीडीके-१. हे जनुक एका तऱ्हेने बिघडलं तर पेशी विभागतच नाही, दुसऱ्या तऱ्हेने बिघडलं तर घाईने विभागते. म्हणजे लगाम इथेच. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने यीस्टचं बिघडलेलं काम माणसाच्या जनुकाकडून करून घेतलं. यीस्टला फरक कळलाही नाही!

कांदेवाले सर

ताई, शतशः आभार. भांडण उद्याच फळ्यावर मांडतो. पण माघारीचं राहिलं.

यीस्टवाली

हो, ते राहिलंच. फॉस्फेट लावता येतो, काढता येतो. पण सीडीके-१ पुढे एपीसी नावाच्या प्रथिनांच्या टोळीला जागं करतो. ती सायक्लिनवर युबिक्विटिनची खूण लावते आणि प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडायचं यंत्र, त्याचे तुकडे करतो. तुकडे झालेलं प्रथिन परत सांधत नाही, नव्याने बनवावं लागतं. म्हणून चक्र उलटं फिरत नाही. टिम हंट या शास्त्रज्ञांना १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत हेच दिसलं होतं: एक प्रथिन साठत जायचं आणि दर विभाजनाला एकदम गायब व्हायचं.

एक दुरुस्ती मात्र मुलीला सांगा. प्रोफेजच्या, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्याच्या, अगदी सुरुवातीला डीएनएला इजा झाली तर पेशी खरंच माघार घेते. तिचा प्रश्न तेवढ्यापुरता बरोबर होता. आणि पुढे मेटाफेजला एकही गुणसूत्र तर्कुतंतूंना (गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या धाग्यांना) धरायचं राहिलं असेल तर ते एकटं एपीसीला अडवून धरतं. ४५ जण तयार, एकासाठी एसटी थांबलेली.

कांदेवाले सर

आज सांगितलं. वर्ग एसटीवर हसला. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे मला मिळालेला मेटाफेज कुणाची तरी वाट बघत होता?"

यीस्टवाली

शक्य आहे. तुम्ही आम्लात बुडवेपर्यंत.