मदत हवी आहे : सोलापूरहून मुंबईला बिऱ्हाड हलवायचंय, ७४ हजारांत तिघांचं कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,

मला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीत नोकरी मिळतेय. कापून-सवरून हातात ७४ हजार येतील. इथे सोलापुरात मिळतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. एप्रिलमध्ये रुजू व्हायचंय. होकार कळवलाय, तेव्हा जावं की न जावं हा प्रश्न नाही. कुठे राहावं आणि सुरुवातीचा खर्च कसा भागवावा, एवढंच विचारायचंय.

घरात आम्ही पाच जण. मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासू-सासरे इथेच जुळे सोलापुरातल्या घरी राहणार. दोघंही हिंडते-फिरते आहेत, पण सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, म्हणून वरचेवर येणं-जाणं ठेवावं लागेल. नवरा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग बघतो, पगार २२ हजार. मुंबईकडे काम मिळेपर्यंत हे २२ हजार बंद, असं धरूनच मी हिशेब मांडलाय.

महिन्याचा खर्च असा : घराचा हप्ता साडेनऊ हजार, सासू-सासऱ्यांना आठ हजार, किराणा-भाजी-दूध नऊ हजार, मुलाची शाळा साडेचार हजार, वीज आणि गॅस अडीच हजार, प्रवास दोन हजार, आरोग्य विम्याचे महिन्याला दोन हजार आणि वरखर्चाला पाच हजार. भाडं सोडून साडेबेचाळीस हजार झाले. म्हणजे भाड्याला जास्तीत जास्त साडेएकतीस हजार उरतात, आणि तेवढं भाडं भरलं तर शिल्लक शून्य.

आता भाड्याचं बघा. मुलुंडला वन बीएचके बघितला तर ३२ हजार सांगितले, डिपॉझिट सव्वा लाख. डोंबिवलीत १८ हजार आणि डिपॉझिट ६० हजार. दोन्ही ठिकाणी दलालाला एक महिन्याचं भाडं. त्यात पहिल्या महिन्याचं भाडं, टेम्पोचे २२ हजार, शाळाप्रवेशाचे २५ हजार आणि सटरफटर दहा हजार मिळवले की डोंबिवलीला दीड लाखाच्या थोडं वर जातं, मुलुंडला अडीच लाखाच्या जवळ. माझ्याकडे दोन लाख दहा हजार साठलेत. शिवाय एक लाखाची एफडी आहे, ती सासूबाईंच्या औषधपाण्यासाठी ठेवलीय, तिला हात लावायचा नाही. दागिने गहाण टाकायचे नाहीत, हेही दोघांनी मिळून ठरवलंय.

म्हणजे पैशाने बघितलं तर डोंबिवली. पण तिकडून कुर्ला आणि कुर्ल्याहून पुढे ऑफिस, घरापासून दारापर्यंत एका बाजूने दीड-पावणेदोन तास धरा, असं ओळखीचे सांगतात. मुलगा सहा वर्षांचा. सकाळी तो डोळे चोळत असताना मी निघायचं आणि रात्री साडेआठला परत यायचं, हे मला सोसवणार नाही. नवरा घरी असेल तोवर निभेल, पण त्याला काम लागलं की शाळेतून आलेल्या मुलाला कोण बघणार?

तर विचारायचं ते असं. माझ्या हिशेबात काही राहून गेलंय का? वांद्रे-कुर्ला संकुलात रोज जाणाऱ्या बायका राहतात तरी कुठे? मुलुंड आणि डोंबिवली यांच्या अधेमधे, भाड्याने आणि वेळेनेही, काही आहे का? आणि भाडेकरार करताना काय बघून घ्यायचं? इथे आम्ही स्वतःच्याच घरात, त्यामुळे या व्यवहाराची काहीच माहिती नाही.

पाणी रोज येत नसेल तरी चालेल. सोलापुरात आम्ही चार-चार दिवसांचं पाणी भरून ठेवतो, ती सवय आहे. घर लहान असलं तरी चालेल. फक्त स्टेशनपासून चालत जाता येईल असं हवं, रोजचं रिक्षाभाडं परवडणार नाही.

प्रतिसाद – ठाणेकर

ताई, हिशेब चोख मांडलाय. राहून गेलेल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे पगाराची तारीख. महिन्याच्या मध्याला रुजू झालात तर काही कंपन्यांत पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर निघतो. तेव्हा एका महिन्याचा पूर्ण खर्च, भाड्यासकट, वेगळा बाजूला हवा. मुलुंड तर तुमच्या दोन लाख दहा हजारांत त्याआधीच बसत नाही. दुसरी गोष्ट, बऱ्याच सोसायट्या सामान आत आणताना वेगळे पैसे घेतात. घर पक्कं करण्याआधी तो आकडा विचारून घ्या, आणि मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वर द्यायचा तेही.

कंपनीकडे स्थलांतर भत्ता मागितलात का? ऑफर लेटरमध्ये नसला तरी मागायला हरकत नाही. टेम्पोची पावती दिली की बऱ्याच कंपन्या तेवढे तरी देतात. रुजू व्हायच्या आधी मागा, नंतर कोणी दाद देत नाही.

एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या, करसवलतीसाठी भाडेपावत्या गोळा करायचा घोर लावून घेऊ नका. ती सूट जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि तुमचा पगार त्याच्या आतच दिसतोय. ऑफिसात विचारतील तेव्हा नवी प्रणाली निवडा. पावत्या मात्र जपून ठेवा, डिपॉझिट परत घेताना कामाला येतात.

प्रतिसाद – नेरुळची

मी रोज नेरुळहून जाते. सगळे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचाच विचार करतात, पण हार्बरची गाडीसुद्धा कुर्ल्यालाच येते. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरुळ इथून कुर्ला अर्ध्या तासाच्या आसपास. पुढे बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, बस किंवा शेअर रिक्षा. सिडकोच्या जुन्या इमारतींत वन रूम किचन बघा. लिफ्ट नसते, गच्चीखालचं घर उन्हाळ्यात तापतं, पण मुलुंडपेक्षा बरंच स्वस्त पडतं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे पाण्याचे हाल कमी.

कुर्ला स्टेशनाबाहेर संध्याकाळी रिक्षांच्या रांगेत बराच वेळ जातो, तो तुमच्या गणितात धरा. मी बसने येते. सीट मिळाली नाही तरी उभं राहून दहा रुपयांत काम होतं.

प्रतिसाद – कल्याण पश्चिम

नेरुळ चांगलंच आहे, पण या ताईंच्या घरात कमावणारी माणसं दोन आहेत, आणि दुसऱ्याच्या कामाचा विचार इथे अजून कोणी केला नाही. यजमान कटिंगमधले. कल्याणच्या पुढे दुसरंच स्टेशन उल्हासनगर. जीन्स आणि तयार कपड्यांचे कारखाने तिथे गल्लोगल्ली आहेत. अनुभवी कटिंग मास्टरला तिकडे काम शोधत फार फिरावं लागणार नाही. कल्याणला राहिलात तर ते पंधरा-वीस मिनिटांत कामावर पोचतील. मुलाच्या शाळेतून फोन आला तर धावत येणारं कोणीतरी जवळ असेल, आणि तुमच्या डोक्यावरचा अर्धा भार तिथेच उतरेल.

दुसरं, सिद्धेश्वर एक्स्प्रेस कल्याणला थांबते. रात्री सोलापुरात बसलं की पहाटे कल्याण. सासू-सासऱ्यांना जिने चढत-उतरत लोकल बदलायला लागणार नाही.

तुमचा प्रवास लांबेल, हे खरंय. पण कल्याणहून सुटणारी गाडी पकडली तर बसायला मिळतं, आणि बसून केलेला तास उभ्याने केलेल्या अर्ध्या तासापेक्षा सोसतो. सकाळी महिला विशेष गाडीही आहे. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास काही शे रुपयांत येतो, तेव्हा प्रवासाच्या दोन हजारांतले बरेच वाचतील. मात्र पश्चिमेलाच आणि स्टेशनपासून चालत जाता येईल असंच घर बघा. खडकपाड्याकडच्या नव्या इमारती दिसायला छान आहेत, पण रोज रिक्षा करावी लागते.

प्रतिसाद – कागदपत्रांबद्दल थोडं

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असायला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ‘नोटरी करून टाकू, तेवढंच पुरतं’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

मुद्रांक शुल्क फार नसतं. करार अकरा महिन्यांचा असेल तर तेवढ्या महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. तुमच्या डोंबिवलीच्या आकड्यांवर भाडं एक लाख ९८ हजार आणि व्याज साडेपाच हजार, म्हणजे शुल्क साधारण ५१० रुपये. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. हे सगळं आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होतं. एजंट याच कामाचे पाच-सहा हजार सांगतात, तेव्हा सरकारी खर्च किती आणि त्याची मजुरी किती हे वेगळं लिहून मागा.

करारात तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा : लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचं, घर सोडायची नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिट परत देताना रंगाचे पैसे कापणार का. लॉक-इन सहा महिन्यांचं असेल आणि चौथ्या महिन्यात यजमानांचं काम दुसरीकडे लागलं, तर उरलेल्या महिन्यांचं भाडं तुमच्या गळ्यात पडू शकतं. घर पक्कं करायला टोकन दिलंत तर ते बँकेतूनच द्या. आणि वीजबिलावरचं नाव घरमालकाच्या नावाशी जुळतंय का, तेवढं बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कंपनीला काल मेल केली, टेम्पोची पावती दिली तर वीस हजारांपर्यंत देऊ म्हणालेत. तेवढ्याने मोठा आधार झाला.

उल्हासनगरचं ह्यांच्या कानावर घातलं. त्यांच्या कारखान्यातला एक जण पूर्वी तिकडेच होता, त्याच्याशी आज बोलणं झालं. पुढच्या आठवड्यात हे दोन दिवस तिकडे जाऊन चार कारखाने बघून येतील. त्यावर कल्याण की नेरुळ ते ठरेल.

मुलाची शाळा जूनच्या मध्यात सुरू होईल. म्हणून एप्रिल आणि मे मी एकटीनेच महिलांच्या पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहायचं ठरवतेय. तो सुट्टीत आजी-आजोबांकडे रमेल, मला शनिवार-रविवार हिंडून घर स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल, आणि ह्यांचा दोन महिन्यांचा पगारही चालू राहील. तेवढे दिवस त्याच्यापासून लांब राहायचं, हे लिहितानाही जड जातंय, पण मुलाला अनोळखी घरात नेऊन मग शाळा शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

आता दोन गोष्टी सांगा. कुर्ला, सायन किंवा चुनाभट्टीच्या बाजूला महिलांसाठी जेवणासकट चांगलं पीजी कोणाच्या माहितीत आहे का? दोघी-तिघींत एक खोली असली तरी चालेल, बारा हजारांच्या आत हवं. आणि कल्याण पश्चिमेला स्टेशनजवळ मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमाची कुठली शाळा पहिलीला जूनमध्येही प्रवेश देते? आधी फोन करून मग बघायला जाईन, म्हणजे खेप फुकट जाणार नाही.