‘मुलामा खरवडला की आत जनावर’ हे खरंच पटतं का तुम्हाला?

शिवडी नाका
रविवारी दादरला आमच्या वाचनगटात विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीवर बोलणं झालं. बहुतेकांनी जी. ए. कुलकर्णींचा अनुवाद वाचला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: युद्धाच्या धामधुमीत विमान पडतं आणि इंग्रज शाळकरी पोरं निर्जन बेटावर अडकतात. आधी शंख वाजवून सभा भरवतात, ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं असा नियम करतात, जहाजाला दिसावा म्हणून धुराची आग जागती ठेवतात. मग तोंडं रंगवून डुकरांची शिकार सुरू होते आणि शेवटी माणसांचीच.

चर्चेचा सूर एकच. ‘वरचा मुलामा खरवडला की आत जनावर असतंच.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, ज्याने त्याने आपापली गाडी पकडली. मी बसमध्ये उभ्याने तेच घोळवत आलो आणि घरी पोचेपर्यंत मला त्या वाक्याचा राग यायला लागला होता.

कारण मराठीत क्रौर्याबद्दल जे उत्तम लिहिलं गेलंय त्यात कोणाचाही मुलामा उतरलेला नाही. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा (१९६७). मुंबईची हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगाला आलीत. कोणी उपाशी नाही, कोणाच्या जिवावर बेतलेलं नाही. वेळ जात नाही म्हणून ‘आपण खटला खेळू’ असं ठरतं आणि बेणारेबाईंना आरोपी करतात. न्यायाधीश आहे, वकील आहे, साक्षीदार शपथ घेतात. न्यायाधीश झालेले काशीकर मधूनच कानकोरणं काढून कान कोरतात. आणि या सगळ्या शिस्तीत, ‘मिलॉर्ड’ म्हणत म्हणत, एका बाईला तिच्या पोटातल्या मुलासकट सोलून काढतात. सभ्यता सुटली म्हणून हे घडत नाही. सभ्यता होती म्हणूनच जमलं. नुसत्या टोळक्याला हे इतक्या व्यवस्थित करता आलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच. जनावराची गोष्ट आपल्याला आवडते कारण त्यात आपण सुटतो. ते ‘आतलं जनावर’, आपण नाही. बोला.

ठाणे फास्ट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हेडमास्तर (निवृत्त)
नमस्कार. इंग्रजी शिकवत हयात गेली, तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्या वाचनगटाने गोल्डिंगवर अन्याय केला आहे आणि आपणही गटाचंच म्हणणं धरून बोलताय. हा गृहस्थ स्वतः शाळामास्तर होता. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईत प्रत्यक्ष होता. परत येऊन पुन्हा पोरांना शिकवू लागला. त्याच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं, १८५७ साली, बॅलन्टाइनची ‘द कोरल आयलंड’ आली होती. तिच्यात इंग्रज पोरं बेटावरही शहाण्यासारखी वागतात, रानटी असतात ते इतर लोक. गोल्डिंगने १९५४ मध्ये मुद्दाम त्याच दोन पोरांची नावं उचलली, राल्फ आणि जॅक, आणि डाव उलटा मांडला. म्हणजे त्याचा रोख ‘आम्ही मुळातच सुसंस्कृत’ या इंग्रजी घमेंडीवर होता.

आणि शेवट विसरू नका. पोरांना सोडवायला येतो तो नौदलाचा अधिकारी. स्वच्छ गणवेश. इंग्रज पोरांकडून याहून बरं वागणं अपेक्षित होतं असं म्हणतो. आणि दूरवर समुद्रात त्याची लढाऊ नौका उभी आहे. तो पोरांना सोडवून नेणार कुठे, तर युद्धात! आपण जे म्हणताय ते गोल्डिंगने शेवटच्या पानावर म्हणून ठेवलंय. गटातले तिथपर्यंत पोचले नसावेत.

शिवडी नाका
सर, शेवटचं पान मान्य. पण मग लोकांच्या डोक्यात जनावरच का राहतं? अधिकारी कोणालाच आठवत नाही.

गोरेगाव पूर्व
कारण जनावर खरं आहे म्हणून! तुम्ही लोक फार पुस्तकी बोलता राव. संध्याकाळी साडेसहाला दादरला विरार पकडून दाखवा, मग मुलाम्यावर बोलू.

कुर्ला पाईपलाईन
गोरेगाव, मी २२ वर्षं ती गाडी पकडतोय. धक्का देणारे असतात, आणि चढताना हात देऊन आत ओढणारेही तेच असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सत्ता, पोलीस, गाड्या, फोन, सगळं ठप्प. तुमच्या हिशेबाने त्या रात्री मुलामा उतरायला हवा होता. कमरेएवढ्या पाण्यात लोक दोर धरून उभे होते. अनोळखी घरांनी दारं उघडली. आमच्या चाळीत त्या रात्री ४० माणसं झोपली, कोणाचं नावही विचारलं नाही. एकाने सकाळी जाताना सगळ्यांची भांडी घासून ठेवली होती.

आणि एल्फिन्स्टन स्टेशनचा पूल. २९ सप्टेंबर २०१७, चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. आमच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं, ‘पब्लिक जनावरासारखं धावलं.’ मला सणक गेली. तिथे कोणाच्या आत जनावर नव्हतं. पाऊस होता, पूल अरुंद होता, आणि वर्षानुवर्षं तो अरुंद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. जनावराचं नाव घेतलं की पुलाचं नाव घ्यायला नको.

शिवडी नाका
कुर्ला, शेवटचं वाक्य उचलतोय. अगदी हेच.

गोरेगाव पूर्व
२६ जुलैची स्तोत्रं दर पावसाळ्यात ऐकतो. त्याच शहराने डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगली पण बघितल्यात. तेव्हाही शेजारीच होते ना? की त्याला पण पूल अरुंद होता?

कुर्ला पाईपलाईन
नाही. त्याला पूल अरुंद नव्हता. पण ते उत्स्फूर्त जनावरही नव्हतं. आमच्या भागात कोणतं दुकान कोणाचं हे ठाऊक असल्यासारखे आले होते. जनावर पाटी वाचून दुकान फोडत नाही.

बटाट्याची भाजी
टोंगाची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून? १९६५ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा देशातली सहा शाळकरी पोरं होडी चोरून समुद्रात गेली, वादळात भरकटली आणि ‘अता’ नावाच्या ओसाड बेटाला लागली. पंधरा महिने राहिली. ६६ मध्ये पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन बोटवाल्याला सापडली तेव्हा धडधाकट. आग विझू दिली नव्हती, कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, भांडण झालं की दोघांनी दोन टोकांना जाऊन डोकं थंड करायचं. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून बरा केला. खरी घडलेली गोष्ट, कादंबरी नव्हे. गोल्डिंग साफ.

हेडमास्तर (निवृत्त)
कादंबरी काही हवामानाचा अंदाज नसते, की पाऊस पडला नाही म्हणून खोटी ठरावी. शिवाय ती सहा पोरं एका शाळेतले दोस्त, समुद्राच्या काठी वाढलेली. गोल्डिंगची पोरं एकमेकांना अनोळखी आणि त्यात एक तयार टोळी आधीच होती, गणवेशातली, रांगेत चालणारी. चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांचं पथक! शिकारी तेच होतात. हे योगायोगाने लिहिलेलं नाही.

मरोळ नाइट शिफ्ट
मी नर्स आहे. एक सांगते, रागावू नका. रात्रपाळीवरून आल्यावर मला यातलं एकही पुस्तक वाचवत नाही. मला विनोदी लागतं. ‘कलेने आरसा दाखवावा’ वगैरे ठीक आहे, पण आरसा दिवसभर बघून आलेल्या माणसाचं काय? तुम्हाला क्रौर्य पुस्तकात शोधावं लागतं याचा अर्थ तुमचं बरं चाललंय.

बाकी शिवडींच्या मुद्द्याला हो. वॉर्डात आरडाओरडा करणारे नातेवाईक मला कधीच भीतीदायक वाटले नाहीत. ते दमले की रडतात. भीती वाटते ती अगदी हळू आवाजात, ‘सिस्टर, आता या वयात किती खर्च करायचा, नाही का?’ असं म्हणणाऱ्यांची. म्हातारी ऐकत असते.

ठाणे फास्ट
पॉपकॉर्न ठेवला बाजूला.

लेबर कॅम्पचा
इथवर वाचलं. सगळे ‘सभ्यता गेली की काय होतं’ आणि ‘सभ्यता असताना काय होतं’ यावर भांडताय. कोणाची सभ्यता, हे कोणी विचारलंच नाही. मुलामा ज्यांच्यावर होता त्यांना त्याची काळजी. गावकुसाबाहेरच्या माणसाला तो कधी दिसलाच नाही, त्याला आधीपासून आतलंच दिसत होतं.

बाबूराव बागूल आमच्या माटुंगा लेबर कॅम्पचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्या नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण आहे. ज्या घरात राहतो तिथे त्याला मान आहे. तो शहाणा म्हणून, तो लिहितो म्हणून. जात कळते आणि मार पडतो. आता सांगा, कुठला मुलामा उतरला? मान देणारी माणसं आणि मारणारी माणसं एकच. त्यांच्या लेखी दोन्ही वेळेला ते रीतीनेच वागत होते.

भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ ला आली तेव्हा अत्र्यांनी केवढं झोडपलं. घाण, अश्लील. नाक्यावरची पोरं जशी बोलतात तशी बोलली, हा गुन्हा. तेंडुलकरांचंच ‘गिधाडे’ १९७० ला रंगमंचावर आलं. भाऊ सख्ख्या बहिणीचा गर्भ लाथांनी पाडतात. सेन्सॉरचा आक्षेप कशाला? तिच्या साडीवरच्या लाल डागाला. मग डाग निळा केला आणि डॉ. श्रीराम लागूंच्या मंडळींनी प्रयोगाआधी जाहीर केलं की हा निळा डाग लाल समजावा. लाथ चालते, डाग नको. ही तुमची सभ्यता.

शिवडी नाका
लेबर कॅम्प, तुमच्यापुढे माझा मूळ लेख पोचट वाटतोय. निळ्या डागाची गोष्ट मी दहा वेळा किस्सा म्हणून सांगितली आहे. हसत.

गोरेगाव पूर्व
अण्णा भाऊ साठ्यांचं काय मग? ‘स्मशानातील सोनं’ घ्या. भीमा वारणेकाठचा, मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करणारा पैलवान गडी. खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशानात पुरलेली मढी उकरून सोनं काढायला लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो एका मढ्यासाठी! नुसतं काम गेलं आणि माणूस कोल्ह्यांच्या पंगतीला बसला. याला मुलामा उतरणं नाही तर काय म्हणायचं?

लेबर कॅम्पचा
पुन्हा वाचा दादा. भीमा मेलेल्यांकडून घेतो. त्या कथेत जिवंत माणसाची भाकरी काढून घेणारा एकच आहे, आणि तो कोण, त्याचं नावही नाही. एक दिवस खाण बंद होते, बस्स. शेवट आठवतो? मढ्याच्या जबड्यात अडकून त्याची दोन बोटं जातात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. तो लहान पोरासारखा रडतो. डोंगर फोडणारी बोटं होती ती. जनावर असता तर रडला नसता.

गोरेगाव पूर्व
… हा शेवट विसरलो होतो. वाचतो परत. पण शेजारी शेजाऱ्याला मारतो त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

बी विंग ११०२
मी फारशी लिहीत नाही. नर्सताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या सोसायटीत चार लिफ्ट आहेत. त्यातली एक सामान आणि कामवाल्यांसाठी. ती बिघडली, नऊ दिवस बंद होती. बाकी तीन व्यवस्थित. माझ्याकडे येणाऱ्या मावशी पन्नाशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले. त्या नऊ दिवस अकरा मजले चढत होत्या. रखवालदार त्यांना लिफ्टमध्ये घेत नव्हता कारण नोटीस होती. कोणी ओरडलं नाही, कोणी अपमान केला नाही. सकाळी लिफ्टमध्ये सगळे एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होते. सातव्या की आठव्या दिवशी मावशी आल्या आणि ओट्याला धरून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, उशीर झाला.’

बटाट्याची भाजी
वाईट आहे, पण ताई, लिफ्ट आणि खून एका तागडीत घालू नका. प्रत्येक गोष्टीला क्रौर्य म्हटलं की शब्दाचा भुगा होतो. हा बेफिकीरपणा झाला.

मरोळ नाइट शिफ्ट
अकरा मजले चढून बघा आणि मग शब्द निवडा.

हेडमास्तर (निवृत्त)
भाजींचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. तेंडुलकरांच्या काशीकरांनाही कोणी क्रूर म्हटलं असतं तर आश्चर्य वाटलं असतं. पण म्हणूनच तर तो शब्द तिथे लागतो ना?

गोरेगाव पूर्व
बी विंग, एक विचारू? तुम्ही विरोध केलात का? की इथेच लिहिताय? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

बी विंग ११०२
नाही केला. मी तेव्हा कमिटीत होते. नोटिशीचा मसुदा सचिवांनी मला दाखवला होता. त्यात ‘सक्त मनाई’ होतं. मी म्हटलं, बरं दिसत नाही, ‘कृपया वापरू नये’ करा. त्यांनी केलं.