खोल तलावात कार्प: आमिष नक्की किती खोलीवर ठेवायचं?

खाणतळं:
जुन्या खाणीत साचलेलं पाणी आहे, त्यात कार्प मासा गळाने धरायचाय. काठापासून १५ मी.पर्यंत खोली २–३ मी., तिथून तीव्र उतार आणि खाली ११–१२ मी.वर गाळाचा सपाट तळ. उन्हाळ्यात वरचं पाणी २६ अंशांपर्यंत जातं. उथळ तळ्यात हमखास चालणारी मांडणी (१५ मिमी बॉयली म्हणजे उकडलेल्या पिठाची आमिषाची गोळी, १५ सेंमी हुकलिंक म्हणजे गळाला जोडलेला दोरा, आणि लाइनवरच्या लीड क्लिपला ८५ ग्रॅम शिसं) खालच्या तळावर टाकली की ओढ आली की वाजणारा अलार्म ढिम्म हलत नाही. कार्प आहेत, कारण वर उसळताना दिसतात. मग तळाशी बसावं, उतारावर की अधांतरी? शिवाय उताराच्या वरच्या कडेवर लाइन घासून तुटते, तिचं काय करायचं? होडी नाही, सगळं काठावरूनच.

तंगूस:
उन्हाळ्यात ११ मी.चा तळ विसरा. स्थिर खोल पाण्यात वर गरम थर आणि खाली थंड थर असे दोन भाग पडतात, मधल्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. खालचं पाणी वर येऊन हवा घेत नाही आणि गाळ कुजताना आहे तो ऑक्सिजनही संपतो. कार्पला तिथे थांबायचं काही कारणच उरत नाही.

पट्टा शोधायला थर्मामीटर लहान तोंडाच्या बाटलीत बसवा, बाटलीला वजन आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. हव्या खोलीवर बूच ओढून बाटली भरू द्या, ४–५ मिनिटं थांबा, मग झटकन वर काढून आकडा वाचा. दर मीटरला मोजत जायचं. जिथे मीटरभरात १ अंशाहून जास्त घसरण दिसते तिथे थर्मोक्लाइन सुरू झाली. यासाठी पाणी काठालगत खोल असलेला खडा कडा किंवा धक्का लागतो. तसा नसेल तर शिशावर येणारा गाळ बघा. काळा आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा असेल, तर त्या खोलीवर आमिष टाकणं म्हणजे आमिष फुकट. तपकिरी, बिनवासाचा, त्यात लाल अळ्या असतील तर जागा चांगली.

तुमच्याकडे मी उतारावर ४ ते ६ मी.पासून सुरुवात करेन. एकाच दिशेने सलग वारा वाहिला तर गरम पाणी वारा जिकडे वाहतो त्या काठाला ढकललं जातं आणि तिथे गरम थर जाड होतो, तेव्हा त्याच काठाला एक-दोन मीटर आणखी खाली जाता येतं. पाणी गार पडून दोन्ही थर मिसळले की मग तळ माशांना खुला होतो, त्याआधी नाही.

शिसं_टेकलं:
खोली ठरली तरी शिसं तिथे पडतंय का, हे बघा. मार्कर फ्लोट (शिशावरून लाइनवर सरकत वर येणारा, खोली मोजायचा तरंगा) लावा, ब्रेडेड म्हणजे विणलेल्या, न ताणणाऱ्या लाइनवर. फ्लोट शिशापर्यंत खाली ओढायचा, रील फिरेनाशी झाली की ३०-३० सेंमी लाइन सोडत मोजायचं. २० वेळा सोडल्यावर फ्लोट वर आला तर ६ मी. (रीलपासून पुढे रॉडवर ३० सेंमीची खूण करून ठेवा, अंदाजाने हात चुकतो.) शिसं ओढताना टकटक जाणवली तर खडी, जड लोण्यातून ओढल्यासारखं वाटलं तर गाळ, मध्येच अडकून सुटलं तर वनस्पती.

आता बहुतेकांचं गणित फसतं ते इथे. रीलच्या क्लिपमध्ये (फेकीचं अंतर ठरावीक ठेवणारा खटका) लाइन अडकवून फेकली आणि ताणून धरली, तर शिसं सरळ खाली न जाता झोक्यासारखं तुमच्याकडे येतं. लाइन २५ मी. आणि खोली ६ मी. असेल तर सुमारे ७० सेंमी अलीकडे. खोली ११ असेल तर तब्बल अडीच मीटर! ६० मी.च्या फेकीत तीच खोली असली तरी फरक १ मी.च. म्हणजे जवळच्या खोल पाण्यात चूक सगळ्यात मोठी. उलट स्पॉडमधला (चारा भरून फेकायचं रॉकेटसारखं भांडं) चारा पाण्यावर सुटतो आणि साधारण सरळ खाली जातो. चारा एकीकडे, गळ दुसरीकडे. म्हणून स्पॉडची क्लिप तेवढीच आखूड लावा. आणि चारा जड ठेवा: पूर्ण बॉयली, बुडणारे जाड पेलेट (दाबून केलेले खाद्याचे दाणे). बारीक भुगा वाऱ्याच्या उलट दिशेने वाहणाऱ्या खालच्या प्रवाहात भलतीकडे जातो.

खाणतळं:
क्लिपचं लक्षातच आलं नव्हतं. कडेवर लाइन तुटण्याचं? आणि उतारावरही गाळाचा पातळ थर आहे.

तंगूस:
तुमच्या आकड्यांवरून, ५–६ मी.वर टाकलेली लाइन कडेवर टेकणारच, रॉड कितीही उंच धरा. ०.५० मिमी मोनोचा (एकपदरी नायलॉन) लीडर, म्हणजे लाइनच्या पुढचा जाड तुकडा, जोडा, आमिषापासून कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा दोन-तीन मीटर लांब, म्हणजे कडेवर लीडरच घासेल. ब्रेडेड लाइन मासे धरायला नको, दगडावर पटकन कापते. बॅकलीड (लाइन तळाशी दाबणारं जादा वजन) पण नको, ते लाइन कडेवरच दाबून ठेवतं. मासा लागला की पाण्याच्या काठाशी जा, रॉडचं टोक वर, आणि त्याला खाली पळू देऊ नका.

गाळासाठी हेलिकॉप्टर रिग (हुकलिंक लाइनभोवती फिरू शकते अशी मांडणी): शिसं टोकाला, हुकलिंक २०–२५ सेंमी, वरचा मणी शिशापासून १५–२० सेंमी वर. शिसं गाळात बुडतं, हुकलिंक वर राहते. ६ नंबरचा गळ, पॉप-अप (तरंगणारं आमिष). मात्र मणी थोड्या जोराने घसरला पाहिजे आणि लीडरच्या गाठीवरून निघून गेला पाहिजे, नाहीतर लाइन तुटल्यावर मासा शिसं ओढत फिरेल. गाठ बारीक बांधा, घरी हाताने ओढून तपासा.

अलार्मबद्दल एक: उतारावरचा कार्प बऱ्याचदा वर, काठाकडे येतो. बॉबिन (लाइनवर लटकवलेला ओढ दाखवणारा खुणेचा गोळा) वर न जाता खाली पडतं. लाइन सैल झाली म्हणून वाट बघू नका, भराभर गुंडाळत जा.

अधांतरी:
मासे उसळताना दिसतात म्हणताय, मग एक रॉड झिगवर (आमिष पाण्याच्या मध्यात तरंगतं ठेवणारी मांडणी) का नाही? ६ मी.च्या पाण्यात अॅडजस्टेबल झिग घ्या: लाइन सोडली की शिशापासून वर सरकणारा फ्लोट, हुकलिंक ६०–९० सेंमी, ०.२५ ते ०.२८ मिमी मोनो, १० नंबरचा गळ, काळा फोम. आधी पृष्ठभागाखाली १ मी., मग दर अर्ध्या तासाला ५०–६० सेंमी खाली. ओढ आली ती खोली लिहून ठेवा. ऊन उतरलं की ती बदलते.

शिसं_टेकलं:
झिगला माझी हरकत नाही, पण उतारावरची बैठक सोडून सगळे रॉड झिगवर नकोत. आणि वर आणताना कार्पच्या तोंडातून बुडबुडे आले तर घाबरू नका, त्याच्या हवेच्या पिशवीची नळी अन्ननलिकेला जोडलेली असते, दाब तो असा सोडतो. सोडण्याआधी जाळ्यातच पाण्यात, सरळ तोल सावरेपर्यंत ठेवा.